जुन्या व्हॅनचे टायर व त्यांतील हवा

मारुतीची ओम्नी व्हॅन १९८४ सालीं रस्त्यावर आली व २०१९ सालीं तिचें उत्पादन थांबलें; तथापि भाजीच्या जाळ्या व खताचीं पोतीं वाहणाऱ्या अशा जुन्या व्हॅन पुष्कळ शेतकरी बंधूंच्या दारीं अद्याप आहेत. भरलेली गाडी वळणावर मागून डोलते, ही तक्रार नेहमीं ऐकूं येते व दोष पाट्यांवर ठेवला जातो. पाट्यांवर पैसा खर्चण्यापूर्वीं टायर पाहावेत, अशी आमची सूचना आहे.

या गाडीचें एंजिन पुढील आसनांखालीं असतें. मागें माल भरला म्हणजे त्याचा बहुतेक भार मागच्या चाकांवर येतो. तेथील टायरांत हवा कमी असल्यास त्यांच्या बाजू दबून मुरडतात व वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर ओढला जातो. घाटांत यांतच जिवाचा धोका आहे. पुढील टायरांत हवा कमी असल्यास स्टिअरिंग जड होतें व गाडी उशिरां वळते. उलट, हवा प्रमाणाबाहेर भरल्यास टायर मधोमधच टेकतो व पकड घटते.

याकरितां गाडीच्या पुस्तिकेंत दिलेला दाब प्रमाण मानावा. भरलेल्या गाडीसाठीं निराळा आंकडा असल्यास तो पाळावा. हवा सकाळीं, गाडी हालविण्यापूर्वीं मोजावी. चालून तापलेल्या टायरांत दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा काढूं नये. उष्णमान सुमारें ६ अंश सेल्सिअस उतरल्यास दर चौरस इंचास सुमारें १ पौंड दाब उतरतो, हें थंडीच्या दिवसांत ध्यानांत ठेवावें.

टायर घेतांना १२ इंची रिमेचा, कंपनीनें सांगितलेल्या भारक्षमतेचाच घ्यावा. मोटारीचा मऊ बाजूंचा टायर स्वस्त मिळाला तरी मालाखालीं तो वाकतो. रेडियल व नायलॉनचा साधा टायर यांची मिसळ करूं नये. दोनच नवे टायर घेणें असल्यास ते मागें बसवावेत. कारण मागचें चाक घसरल्यास गाडी सांवरणें अधिक कठीण असतें. बाजूवरील शेवटचे चार आंकडे आठवडा व साल दाखवितात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असूनही रबरास भेगा पडल्या असतील, तर तो टायर बदलावा.

बैलगाडीस वंगण घातल्यावांचून कोणी दूरच्या बाजारास निघत नसे. व्हॅनच्या चाकांविषयींही तीच दक्षता बाळगावी.