इंजिनाआधीची गाडी

वेल्समधल्या ब्लायनाय फेस्टिनिओग या खाणगावात घरांची छपरं पाटीच्या दगडाची, कुंपणं पाटीची आणि गावामागचे डोंगराएवढे ढिगारेही पाटीच्या चुऱ्याचेच. एकोणिसाव्या शतकात इथली पाटी जहाजांत बसून कुठे कुठे गेली. १८४२ च्या आगीत जळालेलं हॅम्बुर्ग नव्याने बांधायला घेतलं, तेव्हा तिथेही वेल्सचीच पाटी लागली. खाण डोंगरात आणि बंदर तेरा-साडेतेरा मैल खाली पोर्थमॅडॉगला. मधल्या उताराचा फायदा घेऊन २० एप्रिल १८३६ रोजी फेस्टिनिओग रेल्वे सुरू झाली, आणि तिच्याकडे इंजिन नव्हतं.

हे एकदा नीट ध्यानात घेतलं की बाकीचं सगळं उलगडतं. जेम्स स्पूनर या अभियंत्याने रूळ असे आखले की खाणीपासून समुद्रापर्यंत शक्यतो कुठेही चढ लागू नये. सरासरी ऐंशी फुटांना एक फूट उतार. भरलेल्या वाघिणी आपल्या वजनाने खाली यायच्या. रिकाम्या वाघिणी घोडे वर ओढून न्यायचे आणि खाली येताना भरलेल्या गाडीच्या शेपटाला जोडलेल्या खास वाघिणीत उभे राहून वैरण खात यायचे. वर जायला सुमारे सहा तास, खाली यायला दीड. पुढे १८६३ मध्ये वाफेची इंजिनं आली आणि दोन वर्षांनी प्रवासीही आले. पण इंजिनांचं काम मुख्यतः चढाचं. पाटीची गाडी १९३९ पर्यंत गुरुत्वाकर्षणावरच उतरत राहिली.

म्हणून या रेल्वेवर वाघीण हेच मूळ यंत्र, असं माझं मत आहे. जुन्या रेल्वेच्या जगात सगळा मान इंजिनाला मिळतो. देणगीदार इंजिनाला पैसे देतात, फोटो इंजिनाचे निघतात, पितळेच्या पाटीवर नाव कोरलं जातं तेही इंजिनाचं. वाघिणीला फक्त नंबर. यार्डाच्या कडेला गवतात बुडालेल्या लोखंडी सांगाड्यासाठी कोण खिशात हात घालणार? तरीही फेस्टिनिओगवर गेली कित्येक वर्षं काही स्वयंसेवक हेच सांगाडे उभे करत आले आहेत.

मुळात हे सांगाडे उरले कसे, तीही एक गंमतच आहे. १ ऑगस्ट १९४६ ला पाटीची वाहतूक थांबली आणि कंपनीने टाळं लावलं. पण ज्या कायद्याने ही रेल्वे बांधली होती त्यात ती मोडीत काढायची तरतूदच नव्हती. त्यामुळे रूळ उखडता आले नाहीत आणि गाड्या जिथे होत्या तिथेच गंजत बसल्या. कायद्याच्या मसुद्यातल्या एका उणिवेने जेवढा वारसा वाचवला, तेवढा एखाद्या संग्रहालयालाही वाचवता आला नसता! पुढे रेल्वेप्रेमींनी हालचाल केली, १९५४ मध्ये अ‍ॅलन पेगलर यांनी कंपनी ताब्यात घेतली आणि २३ जुलै १९५५ ला पोर्थमॅडॉगहून बोस्टन लॉजपर्यंतचा पहिला तुकडा पुन्हा सुरू झाला. वरचा काही मार्ग जलविद्युत प्रकल्पाच्या तलावाखाली गेला होता. तेव्हा स्वयंसेवकांनी कुदळ-फावडी घेऊन डोंगरातून नवा मार्ग काढला आणि १९८२ मध्ये गाडी पुन्हा ब्लायनायला पोचवली. या खटाटोपात वाघिणींची पाळी शेवटी येणार हे उघडच होतं.

पाटीची वाघीण दिसायला अगदी साधी. चार चाकं, लोखंडी कोनांची चौकट, आणि बाजूंना सलग पत्र्याऐवजी अंतर ठेवून बसवलेल्या पट्ट्या. जुन्या वाघिणी लाकडी, नंतरच्या बऱ्याचशा लोखंडी. नेहमीच्या वाघिणीत दोन टन माल. पाट्या आडव्या न रचता काठावर उभ्या लावायच्या, म्हणजे हिसक्याने फुटत नाहीत. या पाट्यांना मापानुसार नावंही खानदानी: चोवीस इंच बाय बारा म्हणजे डचेस, वीस बाय दहा म्हणजे काउंटेस, सोळा बाय आठ म्हणजे लेडी. पाऊस खात खाली निघालेला एवढा सरदारी घराण्यांचा ताफा दुसऱ्या कुठल्या रेल्वेने वाहिला नसेल.

दुरुस्तीला घेतलेली वाघीण आधी पुरती उकलावी लागते. गंजाचे पापुद्रे उडवायला नीडल गन आणि तारेचा ब्रश. ते उडाले की खरा हिशेब कळतो: कुठली पट्टी अजून दणकट आहे आणि कुठली फक्त रंगाच्या आधाराने उभी होती. तेवढाच सडलेला तुकडा कापून नवा जोडायचा. जुनं रिव्हेट काढायचं तर त्याचं डोकं उडवून दांडा ठोकून बाहेर काढायचा. नवं रिव्हेट भट्टीत लालभडक करून चिमट्याने भोकात घालायचं, एकाने मागून जड लोखंड दाबून धरायचं आणि दुसऱ्याने ते निवायच्या आत ठोकून डोकं घडवायचं. नटबोल्टने काम पाव वेळात होईल, टिकेलही. पण मूळ कारागिराने रिव्हेट मारलं होतं, तर आपणही रिव्हेटच मारायचं, ही या मंडळींची शिस्त. चाकं आणि आस यांच्याबाबतीत मात्र असली भावुकता चालत नाही. आसात बारीकशी जरी चीर असली तरी तो रुळावर चढत नाही, मग तो कितीही मूळचा असो.

कारण या वाघिणी नुसत्या मांडून ठेवायच्या नसतात. खास उत्सवांच्या वेळी जुन्या पद्धतीची गाडी डोंगरावरून खरोखर सोडली जाते. प्रवाशांना तीत बसता येत नाही. वाघिणी एकमेकींना साखळीने जोडलेल्या, आणि सगळ्यांना ब्रेक नसतोच. ब्रेक असलेल्या वाघिणी गाडीत ठरावीक अंतराने पेरायच्या. त्यांवर बसलेले ब्रेकमन हाताने दांडा ओढून वेग आवरतात. सर्वांत पुढच्याच्या हाती कर्णा, कारण गाडीला शिट्टी नाही. पूर्वी ऐंशी-ऐंशी वाघिणींची गाडी जेमतेम दोन-चार ब्रेकमन खाली आणत, बोगद्यातल्या अंधारातून आणि पावसाने निसरड्या झालेल्या रुळांवरून. गाडी जास्त आवळली तर वाटेतच उभी राहणार, कमी आवळली तर वळणावर उलटणार. आणि एकदा उभी राहिली की ढकलायला इंजिन नाही.

आपल्याकडे नेरळ-माथेरानच्या गाडीतही अनेक वर्षं डब्याडब्यावर ब्रेक पोर्टर बसत आणि इंजिनाच्या शिट्टीवर हातब्रेक आवळत. तिथल्या रुळांतलं अंतर ६१० मिलिमीटर, फेस्टिनिओगचं ५९७. एवढ्या अरुंद रुळांवरून गंभीरपणे रेल्वे चालवता येते, हे जगाला पटवलं ते फेस्टिनिओगने. दार्जिलिंगचा मार्ग आखणाऱ्यांसमोरही हाच नमुना होता.

२०२१ मध्ये युनेस्कोने वायव्य वेल्सच्या पाटीच्या खाणींच्या मुलखाला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. यादीत आल्याने पर्यटक वाढतील, दुरुस्तीची वाट पाहणाऱ्या वाघिणींची रांग मात्र हटणार नाही. ऐन भरात या रेल्वेकडे पाटीच्या हजारावर वाघिणी होत्या. त्यातल्या बऱ्याच भंगारात गेल्या, काही आसपासच्या खाणींत अडकल्या. सगळ्याच दुरुस्त करायच्या का, यावर मतं वेगळी असू शकतात. एखादी तशीच गंजलेली ठेवावी, म्हणजे मूळ कारागिराच्या हाताच्या खुणा दिसतात, असं म्हणता येईल. मला तो युक्तिवाद फारसा पटत नाही. उतारावरून सोडता येत नाही ती वाघीण या रेल्वेच्या कामाची नाही, आणि बाहेर पावसात ठेवलेल्या लोखंडावर मूळ कारागिराच्या खुणाही फार वर्षं टिकत नाहीत.