गोर्कीची आजी

मक्सीम गोर्कीचे वडील १८७१ मध्ये कॉलऱ्याने गेले आणि तीन वर्षांचं पोर निझ्नी नोवगोरोदला आजोळी आलं. आजोबा काशिरिन यांचा कापड रंगवण्याचा कारखाना. घरात वाटणीवरून मामांच्या हाणामाऱ्या. पोरांना शनिवारी फोकांचा मार. जवळ घेणारी एकटी आजी, अकुलिना इव्हानोव्हना: लेस विणणारी, तपकीर ओढणारी, कधीमधी दारूचा घोटही घेणारी. नवऱ्याचा मार तिलाही चुकला नाही. लोककथा मात्र तिच्याकडे न संपणाऱ्या. गोर्कीने १९१३-१४ मध्ये बालपणाची आठवणगाथा छापली. त्यात कारखान्याला आग लागते, तेव्हा आत धावून स्फोट होण्याजोगं रसायन बाहेर आणते ती आजीच. पुस्तक गोर्कीचं खरं, पण नायिका तीच वाटते. काशिरिनांचं ते घर आज संग्रहालय आहे.