भरतीची वेळ

आश्विनातली सकाळ. बदलापूरजवळच्या चामटोलीहून भाच्याला घेऊन मी निघालो, लोकलने ठाणे गाठले आणि तेथून ऐरोलीच्या खाडीवर येऊन उभा राहिलो. उल्हास नदीकाठच्या खंड्या-बगळ्यांशी आमची जुनी ओळख. खाडी मात्र सर्वस्वी नवी.

समोर दूरवर चिखल आणि त्यात हलणारे ठिपके! "मामा, हेच का तुमचे पक्षी?" भाच्याने विचारले. रोहित पक्षी तर एकही नव्हता. त्यांचे मोठे थवे दिसतात ते हिवाळ्यात. शिवाय मी लोकलचे वेळापत्रक पाहिले होते, भरतीचे नव्हे! ओहोटीला पक्षी चिखलभर पांगतात, हे तेथे गेल्यावर कळले.

डब्यातल्या चकल्या संपता संपता पाणी चढू लागले. चिखल आक्रसला, तसे ठिपके जवळ आले. लाल पायांचे शेकाटे, शेपूट हलवणारे तुतवार आणि चिमणीएवढे टिलवे! उत्तर ध्रुवाकडे जन्मलेला हा पंचवीसेक ग्रॅमचा जीव हजारो मैल उडून येतो, तो या चिखलातल्या किड्या-अळ्यांसाठी. भाचा दुर्बीण सोडीना.

खाडीचा काही भाग २०१५ साली अभयारण्य झाला; २०२२ साली रामसर यादीतही त्याचे नाव लागले. परंतु भरतीत चिखल बुडाला, की या पाहुण्यांना टेकायला काठची पाणथळ जागा लागते. तीच भराव घालून बुजवली, तर त्यांनी उतरावे कोठे?

दिवाळीच्या पाहुण्यांसाठी आपण घर झाडून-पुसून ठेवतो. या पाहुण्यांसाठी चिखल तेवढा राहू द्यावा.