पांढरं अंगण पिवळं का पडतं?

दिल्लीच्या ज्या टेकाडावर आज हिंदूराव रुग्णालय आहे, ते अरवलीचं टोक. दगड लोहाने तांबूस, आजूबाजूला कीकर-कडुनिंब, उन्हाळ्यात लू आणि आंधी. इथे पांढऱ्या खड्यांचं रेझिनचं अंगण करायचं, तर त्याचा रंग टिकेल की नाही हे बरंचसं काम सुरू होण्याआधीच ठरतं.

बारीक खडे रेझिनमध्ये घोळून थापीने पसरतात. खड्यांमधल्या फटींतून पाणी खाली जिरतं, पण प्रत्येक खड्यावर रेझिनचा पातळ थर राहतो. म्हणजे दिसतो तो रंग दगडाचा आणि त्या थराचा मिळून.

पिवळेपणाचं कारण ओळखायला एक कुंडी उचलून बघा. खाली पांढरं आणि भोवती एकसारखं पिवळं असेल, तर रेझिनच बदललं आहे. स्वस्त अ‍ॅरोमॅटिक पॉलियुरेथेनमधली बेन्झीन वलयं अतिनील किरणं शोषतात, त्यांतून रंगीत संयुगं तयार होतात आणि थर पिवळा होतो. हे धुऊन जात नाही. इपॉक्सीही उन्हात असंच पिवळं पडतं. म्हणून ठेकेदाराकडून ‘अ‍ॅलिफॅटिक’ हा शब्द बिलावर लिहून घ्या. बेन्झीन वलयं नसलेलं हे पॉलियुरेथेन महाग असतं, पण पांढऱ्या खड्यांसाठी मी दुसरं सुचवणार नाही. खडे ओले असतील तर न सुकलेल्या रेझिनची पाण्याशी क्रिया होऊन फेस येतो आणि थर दुधाळ होतो. म्हणून हे काम पावसाळ्यात काढूच नये.

कुंडीखालीच नारिंगी कडं दिसलं तर ते गंजाचं: लोखंडी स्टँडचं, बोअरच्या पाण्यातल्या लोहाचं किंवा झाडाला घातलेल्या फेरस सल्फेटचं. सावलीतला काळपट-हिरवा थर शेवाळाचा, तपकिरी छटा कुजलेल्या पानांची. पानं ओली होण्याआधी झाडा. आंधीनंतर आधी कोरडा झाडू मारा, मग पाणी; उलट केलं तर माती फटींत बसते. शेवाळ मऊ ब्रश आणि सौम्य साबणाने निघतं. गंजावर अ‍ॅसिड मात्र ओतू नका: खडे मकराण्याचे असतील, तर संगमरवरच झिजून निस्तेज होतो.