कुत्रा खाली बसला की

संपादकांना हवा होता शूर कुत्र्यांवरचा एक गोड लेख, जमलं तर फोटोसकट. इंग्लंडच्या तुरुंगांत अमली पदार्थ हुंगून काढणाऱ्या कुत्र्यांबद्दल वाचायला घेतलं आणि गोडवा लवकरच ओसरला.

इतिहास थोडक्यात. 1966 साली जॉर्ज ब्लेक हा दुहेरी हेर लंडनच्या वर्मवुड स्क्रब्ज तुरुंगातून दोरीच्या शिडीने पळाला. सरकारची अब्रू गेली आणि चौकशी आली लॉर्ड माउंटबॅटनकडे, म्हणजे आपल्या शेवटच्या व्हाइसरॉयकडेच. तेव्हा तुरुंगाला कुत्रा हवा होता तो भिंतीलगत गस्त घालायला, दात दाखवायला. नाकाची नोकरी नंतरची.

आता या नोकरीतही दोन जाती आहेत. एक, कोठडीत मोकळा सोडलेला स्पॅनिअल. गादी, पाइप, फटी, सगळीकडे तोंड खुपसणारा, अंगात वारं शिरल्यासारखा. दुसरा बहुधा लॅब्रडॉर, आणि माझं लक्ष गुंतलं ते याच्यात. त्याची ड्यूटी मुलाखतीच्या दिवशी. कैद्यांना भेटायला आलेली माणसं रांगेत उभी राहतात आणि हॅन्डलर त्याला त्यांच्या पुढून नेतो. भुंकायचं नाही, अंगावर जायचं नाही. वास आला की त्या माणसासमोर खाली बसायचं. बक्षीस बहुधा टेनिसचा चेंडू. कायदा, गुन्हा यांतलं त्याला काही ठाऊक नाही. त्याच्या लेखी हेरॉइन म्हणजे चेंडू.

नाक मात्र थक्क करणारं. कुत्रा सेकंदाला साधारण पाच वेळा हुंगतो. आत घेतलेल्या हवेचा आठवा हिस्सा वेगळ्या वाटेने नाकाच्या मागच्या, वासासाठीच राखलेल्या कप्प्यात जातो, बाकीची फुप्फुसाकडे. उच्छ्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांतून निघतो, त्यामुळे समोरचा वास विस्कटत नाही.

पण हे नाक सांगतं एवढंच, की इथे वास आहे. पुडी खिशात आहे, की काल कुणाच्या तरी शेजारी बसल्यामुळे जॅकेटला वास लागलाय, हे त्याला सांगता येत नाही. तुरुंगाला मात्र तेवढं पुरतं. कुत्रा बसला की भेटायला आलेल्या बाईला सांगितलं जाऊ शकतं: मध्ये काच असलेली भेट घ्या, नाहीतर परत जा. सोबत लहान मूल असलं तर ते बापाच्या मांडीवर बसणार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या लोकपालांनी 2006 मध्ये पोलिसांच्या अशाच कुत्र्यांचा हिशेब मांडला. दहा हजारांहून जास्त वेळा कुत्र्यांनी इशारा दिला. माल सापडला त्यांतल्या साधारण 26 टक्के वेळा. यावर नेहमीचं उत्तर असतं की उरलेल्यांचाही कुठेतरी संपर्क आला असणार, कुत्रा चुकत नाही. असेलही. पण कुत्रा बरोबर आणि माणूसही निर्दोष, असं एकाच वेळी असू शकतं. त्यासाठी फॉर्मवर रकाना नाही.

शिवाय पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांनी 2011 मध्ये छापलेल्या प्रयोगात 18 जोड्यांना एका चर्चमध्ये शोध घ्यायला लावला. तिथे अमली पदार्थ ठेवलेच नव्हते, पण असतील असं हॅन्डलरना सांगितलं होतं. 144 फेऱ्यांमध्ये 225 खोटे इशारे मिळाले. धन्याच्या मनातलं कुत्रा ओळखतो याचं आपल्याला किती कौतुक! इथे तीच अडचण.

त्यात आलं ‘स्पाइस’. गांजाची नक्कल करणारं हे रसायन पातळ करून कागदावर फवारतात. मग पत्र, अगदी मुलाने काढलेलं चित्रसुद्धा, तुकड्यातुकड्याने ओढता येतं. ब्रिटनने 2016 मध्ये अशा पदार्थांविरुद्ध कायदा केला, सुमारे 300 कुत्र्यांना नवे वास शिकवायला घेतले. बनवणारे रेणू बदलत राहतात आणि कुत्र्याला पुन्हा शिकवणीला बसावं लागतं. कित्येक तुरुंग आता कैद्याच्या हाती पत्राची झेरॉक्सच देतात. शरीर तपासणारे एक्स-रे स्कॅनरही आले, पण ते कैद्यांसाठी. बाहेरून येणाऱ्यांच्या रांगेला कुत्राच.

कुत्र्यांना काढून टाका, असं मी म्हणणार नाही. पण कुत्रा किती वेळा बसला आणि त्यातून काय निघालं, हे प्रत्येक तुरुंगाने दरवर्षी छापावं. न्यू साउथ वेल्सचे आकडे बाहेर आले ते कुणाच्या मोठेपणामुळे नव्हे. पोलिसांना ही कुत्री वापरू देणाऱ्या 2001 च्या कायद्यातच लोकपालांच्या आढाव्याची अट घातलेली होती.