मूल, घर आणि सामाजिक कार्यकर्ती

रेल्वे स्थानकाच्या फलाटावर दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा एकटाच बसला आहे, अशी कल्पना करा. विचारले तर तो आपले नाव सांगतो; गावाचे नाव मात्र सांगत नाही. येणारे-जाणारे क्षणभर थबकतात आणि आपापल्या गाडीकडे वळतात. एखादा जागरूक प्रवासी मात्र १०९८ या क्रमांकावर दूरध्वनी करतो. मुलांसाठीची ही मदतसेवा १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली. त्या एका दूरध्वनीने पुढील कामाला प्रारंभ होतो. त्यात शासनाच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षातील सामाजिक कार्यकर्तीचा वाटा फार मोलाचा असतो.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती म्हणजे ‘बालक’ होय. निराधार वा हरवलेले बालक आढळल्यास, प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते. या समितीत एक अध्यक्ष व चार सदस्य असतात. मुलाने कोठे व कोणाजवळ राहावे, हे समिती ठरवते. परंतु समितीने त्याचे घर पाहिलेले नसते. ते पाहून येण्याचे काम सामाजिक कार्यकर्तीवर सोपवले जाते. तिने १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यावा, अशी अपेक्षा असते.

ही तपासणी पोलिसी चौकशीहून वेगळी असते. प्रश्नांचा भडिमार केला, तर घाबरलेले मूल अधिकच अबोल होते. म्हणून कार्यकर्ती आधी त्याचा विश्वास मिळवते. मग हळूहळू उलगडा होतो. समजा, या मुलाचे आईवडील ऊसतोडणीसाठी परजिल्ह्यात गेले आहेत. त्याला चुलत्याकडे ठेवले होते. चुलत्याने शाळा सोडवून त्याला चहाच्या टपरीवर कामाला लावले आणि मार चुकवण्यासाठी तो गाडीत बसला. कार्यकर्ती त्या गावी जाते, चुलत्याचे म्हणणे ऐकते, शाळेचा हजेरीपट पाहते, शेजाऱ्यांशी बोलते, आईवडिलांचा शोध घेते.

अहवाल लिहिताना तिला प्रत्येक शब्द जपून वापरावा लागतो. ‘मुलगा हट्टी आहे’ असे लिहिणे सोपे असते. ‘काकांचे नाव काढताच मुलगा रडू लागला’ असे लिहिण्यासाठी मात्र त्याच्याकडे नीट पाहावे लागते. स्वतः पाहिलेले, इतरांकडून ऐकलेले आणि स्वतःचे अनुमान या तीन गोष्टी वेगळ्या ठेवणे, हे चांगल्या अहवालाचे लक्षण आहे. एका चुकीच्या वाक्याने मुलाच्या आयुष्याची दिशा बदलू शकते.

खरी कसोटी पुढेच असते. मुलाला घरी पाठवावे की बालगृहात ठेवावे? घाईने घरी पाठवले, तर त्याच्यावर पुन्हा अन्याय होण्याचा धोका असतो. घाईने घरापासून तोडले, तर आईच्या मायेला ते पारखे होते. घरात दारिद्र्य असणे आणि घरात मूल असुरक्षित असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानावा, हे तत्त्व कायद्यानेच सांगितले आहे. म्हणून अडचण केवळ पैशांची असेल, तर कुटुंबाला आधार देण्याचा मार्ग आधी शोधावा लागतो. केंद्र शासनाच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत पात्र मुलांसाठी दरमहा ४,००० रुपयांच्या साहाय्याची तरतूद आहे.

निर्णय झाला म्हणजे काम संपले असे नव्हे. मूल शाळेत जाते का, घरी त्याला मारहाण होत नाही ना, हे पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा भेटी द्याव्या लागतात. त्याची ओळख उघड होणार नाही, याचीही काळजी घ्यावी लागते. कारण अशा मुलाचे नाव वा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई आहे.

गावोगावी अनेकांना वाटते, की सरकारी माणूस दारात आला म्हणजे मूल घेऊन जाणार. वास्तविक, मुलाला आपले घर सुरक्षितपणे परत मिळावे, यासाठीच कार्यकर्ती बहुधा ते दार ठोठावत असते. परंतु फलाटावरचा तो दूरध्वनी कोणीतरी केल्यावाचून ती त्या दारापर्यंत पोहोचू शकत नाही.