केलीहून वॉर्नर रॉबिन्सला

१९९५ साली अमेरिकी हवाई दलाच्या दोन मोठ्या दुरुस्ती डेपोंवर कुऱ्हाड पडली, टेक्सासमधला केली आणि कॅलिफोर्नियातला मॅक्लेलन. २००१ मध्ये दोन्ही बंद झाले. मधली वर्षे गाजली ती सी-५ विमाने आणि इंजिनांची कामे कुणाच्या पदरात पडणार, या भांडणाने. काम जागच्या जागी खासगी कंपन्यांना द्यावे, असा क्लिंटन सरकारचा आग्रह. उरलेल्या डेपोंच्या राज्यांतले खासदार त्यावर तुटून पडले. या गदारोळात स्वयंचलित चाचणी उपकरणांचा कारभार केलीहून जॉर्जियातल्या वॉर्नर रॉबिन्सला गेला. त्याची बातमी कशाला होईल?

खरी गुंतागुंत मात्र तिथेच होती. विमानातून काढलेली रडारची पेटी चाचणी यंत्राला जोडतात. प्रत्येक पेटीचा अडॅप्टर वेगळा, पुस्तिका वेगळी आणि प्रोग्रामही वेगळा, बहुधा ‘अ‍ॅटलास’ भाषेतला. २८ व्होल्ट द्या, क्षणभर थांबा, अमुक पिनवर मोजा, मर्यादेबाहेर असेल तर तमुक कार्ड बदला. थांबायचे का, तर रिले स्थिरावायला वेळ लागतो. हे लिहिणाऱ्याला ठाऊक. कागदावर उरतो नुसता आकडा. नव्या, वेगवान यंत्रावर प्रोग्राम चढवताना तो आकडा कुणी अनावश्यक समजून काढला, की धडधाकट पेटी नापास होऊ लागते.

मालकीचाही घोळ असतोच. नौदलाची ‘कॅस’ ही चाचणी प्रणाली जनरल इलेक्ट्रिकची. १९९३ मध्ये तो विभागच मार्टिन मारिएटाने घेतला आणि १९९५ मध्ये विलीनीकरणातून लॉकहीड मार्टिन झाली. दारावरची पाटी बदलली, यंत्रे तीच. सोर्स कोडचे हक्क मूळ करारातच मागून घेतले नसतील, तर नंतर कंपनी सांगेल ती किंमत.

१९९४ मध्ये संरक्षण खात्याने फर्मान काढले: प्रत्येक विमानासाठी नवे चाचणी यंत्र नको, ठरलेल्या मोजक्या प्रणालींतूनच घ्या. पण संसदेच्या लेखापरीक्षकांनी २००३ मध्ये पाहिले तेव्हा यंत्रांचे चारशेहून अधिक प्रकार नांदत होते. १९८० ते १९९२ या काळात त्यांवर आणि त्यांच्या देखभालीवर मिळून सुमारे ५० अब्ज डॉलर गेले होते.

चाचणीच्या कामाचे असे हस्तांतर खरोखर पार पडले का, हे पाहायची रीत जुनीच आहे. चांगल्या पेटीत मुद्दाम बिघाड घालायचा आणि प्रोग्रामला तो सापडतो का ते बघायचे. काम किचकट, वेळखाऊ. वेळापत्रक घसरले की पहिली कात्री यालाच लागते.